खेड्यातील घरासाठी कपडे धुण्याच्या यंत्राची निवड

शेतीच्या हिशेबात पेरणी, कोळपणी, खुरपणी आणि काढणी यांना लागलेले दिवस व मजूर लिहून ठेवण्याची पद्धत आहे. कपडे धुण्यास लागणारा वेळ मात्र कोणत्याही वहीत चढत नाही. वास्तविक सहा-सात माणसांच्या कुटुंबात हे काम रोजचे असते, आणि खुरपणीच्या दिवसांत ते शेतातून परतलेल्या स्त्रीलाच दिवेलागणीला किंवा पहाटे उठून उरकावे लागते. पाणी आणणे, कपडे भिजविणे, घासणे, आपटणे, पिळणे आणि वाळत घालणे यांपैकी पिळण्याचे काम मनगटास व कंबरेस विशेष जड जाते. ओली चादर पिळावयाची तर दुसऱ्या माणसाचा हात लागतो. पावसाळ्यात नीट न पिळलेले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत व त्यांस कुबट वास येतो. तेव्हा कपडे धुण्याचे यंत्र, म्हणजेच वॉशिंग मशीन, ही केवळ शहरी चैनीची वस्तू आहे असे मानण्याचे आता कारण नाही.

तथापि यंत्र घेतले म्हणजे श्रम वाचलेच असे होत नाही. घरातील पाणी, वीज व दुरुस्तीची सोय यांचा विचार न करता घेतलेले यंत्र वर्षा-दोन वर्षांत बंद पडते आणि मग धान्याचा डबा ठेवण्याचे मेज म्हणून तेवढे उपयोगी पडते. अशी मेजे पुष्कळ घरांतून दिसतात. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी घरीच काही गोष्टी तपासून घ्याव्यात. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही तपासणी कुटुंबातील स्त्रियांना बरोबर घेऊन करावी, कारण यंत्र चालविणार त्या आहेत.

यंत्रांचे प्रकार

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. पहिला दोन टाक्यांचा, ज्यास सेमी ऑटोमॅटिक म्हणतात. त्याच्या एका टाकीत तळाशी असलेली पंख्यासारखी चकती उलटसुलट फिरून कपडे धुते. दुसऱ्या टाकीतील छिद्रांचे पिंप मिनिटास तेराशेच्या आसपास फेरे घेऊन कपड्यांतील पाणी बाहेर फेकते. हिला घरोघर ड्रायर म्हणतात, परंतु ती कपडे पूर्ण वाळवीत नाही, फक्त पिळते. पाणी भरणे, सोडणे व कपडे एका टाकीतून दुसरीत टाकणे ही कामे हाताने करावी लागतात. दुसरा प्रकार वरून कपडे घालण्याच्या पूर्ण स्वयंचलित यंत्राचा, आणि तिसरा समोरून काचेचे दार असलेल्या स्वयंचलित यंत्राचा. या दोहोंत एकदा कपडे घालून कळ दाबली की धुणे व पिळणे आपोआप पार पडते. समोरून दार असलेले यंत्र पाणी कमी घेते व कपडेही चांगले धुते, हे मान्य केले पाहिजे. परंतु ते किमतीस जास्त, वजनास जड आणि रचनेस गुंतागुंतीचे असते.

पाण्याची परीक्षा

स्वयंचलित यंत्र नळातून स्वतः पाणी घेते. त्यासाठी पाण्यास पुरेसा दाब लागतो, आणि खेड्यातील पुष्कळ यंत्रे येथेच अडतात. दहा मीटर उंचीवरील पाण्याचा दाब सुमारे एक बार असतो. अनेक यंत्रांच्या माहितीपुस्तिकेत किमान ०.३ बार दाब सांगितलेला असतो. म्हणजेच टाकीतील पाणी यंत्राच्या तोटीहून निदान तीन मीटर, अर्थात दहा फूट, उंच असावयास पाहिजे. एकमजली घराच्या स्लॅबवर ठेवलेल्या टाकीचा तळ जमिनीपासून दहा-अकरा फुटांवर येतो. यंत्राची तोटी मात्र जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर असते. हाती उरतात सात-आठ फूट. टाकी निम्मी रिकामी झाली की पाण्याची धार बारीक होते, ठरलेल्या वेळेत यंत्र भरत नाही आणि ते मध्येच थांबून बिघाडाची खूण दाखविते. मग कारागीर बोलाविला जातो, आणि यंत्रात दोष नाही असे सांगून तो आपली फी घेऊन जातो. टाकी उंच मचाणावर चढविणे हा यावर उपाय आहे. दाबाचा पंप बसविता येतो, पण त्यामुळे घरात आणखी एक मोटार वाढते. ज्या घरी पाणी दिवसाआड येते व पिंपात साठवून ठेवावे लागते, तेथे दोन टाक्यांचे यंत्रच सोयीचे ठरते. त्यात बादलीनेही पाणी ओतता येते.

या यंत्राचा दुसरा फायदा पाण्याच्या बचतीचा आहे. मध्यम आकाराच्या यंत्राची धुण्याची टाकी एकदा भरण्यास साधारणतः तीन-चार बादल्या पाणी लागते. स्वयंचलित यंत्र प्रत्येक खेपेस साबणाचे पाणी सोडून देते. येथे मात्र तेच पाणी पुन्हा वापरता येते. प्रथम पांढरे व कमी मळलेले कपडे धुवावे, ते काढून त्याच पाण्यात रंगीत कपडे घालावे आणि शेवटी शेतातले जाडेभरडे कपडे. विसळण्याच्या दुसऱ्या खेपेचे पाणी बादलीत धरून ठेवल्यास पुढच्या धुण्याच्या आरंभी उपयोगी पडते. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या गावांत ही बचत लहान नाही. आपल्या गृहिणी हंडाभर पाण्यात तीन कामे उरकीत आल्या आहेत. दोन टाक्यांचे यंत्र त्यांच्या या सवयीशी जुळते.

पाणी जड आहे की हलके, हेही पाहावे. शालेय पुस्तकांत ज्यास दुष्फेन पाणी म्हणतात, त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार अधिक असतात. दोन सारख्या बाटल्या घेऊन एकीत पावसाचे व दुसरीत विहिरीचे किंवा बोअरचे पाणी निम्म्यापर्यंत भरावे. दोहोंत अंगाच्या साबणाचा सारखाच चुरा टाकून जोराने हलवावे. पावसाच्या पाण्यावर फेस टिकेल. विहिरीच्या पाण्यावर फेसाऐवजी पांढुरकी साय जमली तर ते पाणी जड समजावे. या परीक्षेस धुण्याची पावडर वापरू नये, कारण तिला जड पाण्यातही फेस येतो. जड पाणी तापविले असता भांड्यास खार बसतो, तसाच तो पाणी तापविणाऱ्या यंत्रातील हीटरवरही बसतो व हीटर निकामी होतो. दोन टाक्यांच्या यंत्रात बहुधा हीटर नसतोच, त्यामुळे ही अडचण येत नाही. अशा पाण्यात पावडरीपूर्वी थोडा धुण्याचा सोडा विरघळवावा, म्हणजे पावडर कमी लागते. रेशमी व लोकरी कपड्यांना मात्र सोडा लावू नये.

विजेची सोय व सुरक्षितता

दोन टाक्यांचे यंत्र धुताना साधारणतः ३०० ते ५०० वॅट वीज घेते. पंधरा मिनिटांच्या एका धुण्यास एक दशांश युनिटच्या आसपास खर्च येतो. हीटर असलेले यंत्र पाणी तापविताना २००० वॅटच्या जवळपास जाते. आपल्या घरची तार, फ्यूज व मीटर एवढा भार सोसतील किंवा नाही, हे वायरमनकडून पाहून घ्यावे.

खेड्यात विजेचा दाब कमी-जास्त होतो व प्रवाह मध्येच जातो. दोन टाक्यांच्या साध्या यंत्रात घड्याळासारखा चावीचा टायमर असतो. त्यात बिघडण्यासारखे इलेक्ट्रॉनिक कार्ड नसते. स्वयंचलित यंत्राचे सर्व काम अशा कार्डावर चालते. दाब एकाएकी वाढल्यास ते जळू शकते आणि ते बदलणे महागात पडते. दाब फार कमी असता कोणतीही मोटार नुसती गुणगुणते, फिरत नाही. असे दिसताच बटण बंद करावे, अन्यथा मोटारीची गुंडाळी जळते.

यानंतरची गोष्ट पैशांची नाही, जिवाची आहे. धुण्याच्या जागी जमीन ओली असते आणि पाय अनवाणी असतात. यंत्राच्या अंगात वीज उतरली तर ती माणसाच्या शरीरातून जमिनीत जाते. म्हणून यंत्र तीन पिनांच्या, अर्थिंग असलेल्या जागेवरच जोडावे. जाड पिन बसत नाही म्हणून ती कापून टाकणे किंवा दोन तारा थेट भोकांत खुपसणे हा जिवाशी खेळ आहे. अर्थिंगचा खड्डा घरासाठी स्वतंत्र करून घ्यावा व त्याची जोडणी दर वर्षी उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना, तपासावी. याखेरीज ३० मिलिअँपिअरवर प्रवाह तोडणारे गळतीरोधक बटण, ज्यास वायरमन आरसीसीबी म्हणतात, मुख्य पाटीवर बसवून घ्यावे. यंत्रासाठी पैसे आहेत आणि या बटणासाठी नाहीत, असे असेल तर यंत्राची खरेदी पुढे ढकलावी.

दुरुस्ती कोण करणार?

विश्वासार्ह यंत्र म्हणजे कधीच न बिघडणारे यंत्र, अशी समजूत दिसते. असे यंत्र मिळत नाही. बिघडल्यावर आठवड्याच्या आत, जवळच्या गावी, परवडेल अशा खर्चात दुरुस्त होणारे यंत्र विश्वासार्ह मानावे. दोन टाक्यांच्या यंत्रात बिघडणारे भाग थोडे व ओळखीचे असतात. मोटारीवरून चकतीकडे जाणारा पट्टा सैल होतो किंवा तुटतो. मोटारीचा कपॅसिटर उतरतो. पिळण्याच्या पिंपाखालचे रबरी सील झिजून पाणी खाली मोटारीवर ठिबकते. ब्रेकची तार किंवा टायमर खराब होतो. पंप व पंखे दुरुस्त करणाऱ्या तालुक्याच्या कारागिराला हे भाग समजतात.

याकरिता यंत्र घेण्यापूर्वी दुकानदाराऐवजी कारागिराकडे जावे. आपल्याकडे दुरुस्तीस कोणत्या बनावटीची यंत्रे येतात, कोणाचे सुटे भाग लगेच मिळतात आणि सील व टायमर यांची किंमत काय पडते, हे त्यास विचारावे. आठवडी बाजाराच्या दिवशी ही चौकशी सहज होते. हमीपत्रही वाचून घ्यावे. मोटारीवर पाच किंवा दहा वर्षांची हमी असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. ती बहुधा तेवढ्या एका भागापुरती असते. मजुरी, येण्याजाण्याचा आकार व इतर भाग तीत धरलेले नसतात. कंपनीचा माणूस आपल्या गावापर्यंत येतो किंवा नाही, हे दुकानदाराकडून पावतीवर लिहून घ्यावे.

किती मोठे यंत्र घ्यावे हे अंदाजाने ठरवू नये. यंत्रावरील किलोचा आकडा कोरड्या कपड्यांचा असतो. घरात एका वेळी धुण्यास निघणारे कोरडे कपडे गाठोड्यात बांधून काट्यावर तोलावे. असे तीन वेळा करून जे सर्वांत जास्त वजन येईल, त्याहून किलोभर मोठे यंत्र पुरेसे होते. गोधड्यांसाठी मोठे यंत्र घेण्याचा मोह टाळावा. गोधडी पाणी फार धरते, आणि तिच्या एकांगी भाराने पिंप हेलकावे खाऊन सील व मोटार दोन्ही खराब होतात. ती पूर्वीप्रमाणेच हाताने धुवावी.

दुकानात यंत्र चालवून पाहण्याचा आग्रह धरावा. पिळण्याची टाकी चालू करून झाकण उघडल्यावर पिंप काही सेकंदांत थांबले पाहिजे. ते फिरतच राहिले तर यंत्र घेऊ नये, कारण फिरत्या पिंपातील कपडा ओढावयास गेलेला मुलाचा हात मोडू शकतो. बाहेरचे अंग प्लास्टिकचे असल्यास गंज लागत नाही, परंतु सतत उन्हात राहिल्यास ते ठिसूळ होते.

शेतातील कपडे

काळ्या रानातील चिखल, गवताची कुसळे, खिशातले बी आणि टाचण्या यांनी यंत्राची जाळी व चकती खराब होते. शेतातले कपडे आधी झटकून बादलीत एकदा खळबळून घ्यावे आणि मग यंत्रात घालावे. लुगडे व धोतर घडी घालून सोडल्यास पीळ कमी बसतो.

फवारणीच्या कपड्यांविषयी अधिक सांगणे जरूर आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. कीटकनाशके श्वासावाटे जातात, तशीच कातडीतूनही शरीरात शिरतात. फवारणीचा सदरा घरच्या धुण्यात टाकला की त्यातील विष लहान मुलांच्या कपड्यांनाही लागते, आणि तो धुणारीच्या हातांनाही लागते. म्हणून हे कपडे निराळ्या बादलीत ठेवावे व त्याच दिवशी धुवावे. धुणाऱ्याने रबरी हातमोजे घालावे. बादलीत दोनदा खळबळून झाल्यावर ते यंत्रात एकटेच, टाकी पूर्ण भरून, गरम पाण्याने दोनदा धुवावे. पाणी किती गरम चालेल ते माहितीपुस्तिकेत पाहावे. नंतर यंत्र रिकामे ठेवून पावडरीच्या पाण्याने एकदा चालवावे आणि कपडे कडक उन्हात वाळवावे. ज्या कपड्यावर पाणी न मिसळलेले औषध सांडले आहे, तो धुण्याच्या भरीस न पडता टाकून द्यावा. या धुण्याचे पाणी परसबाग, गुरांचे टाके, ओढा किंवा विहिरीचा परिसर यांत जाऊ देऊ नये.

एरवीचे धुण्याचे पाणी केळी, अळू यांस देण्याची चाल आहे. ते आलटून पालटून निरनिराळ्या जागी सोडावे. पावडर व सोडा यांतील सोडियम एकाच जागी साठल्यास काळी जमीन घट्ट होते व तीत पाणी मुरत नाही. उरलेले पाणी शोषखड्ड्यात न्यावे. या यंत्रातील पाणी उताराने बाहेर पडते. त्यामुळे सोडण्याची नळी यंत्राच्या तळाहून खाली राहील अशा बेताने ओटा बांधावा आणि त्यावर पडवीचे छप्पर असावे.

सुगीनंतर घरात धान्य येते व त्यामागे उंदीर येतात. पुष्कळ यंत्रांचा तळ उघडा असतो. उंदीर तेथून आत शिरून तारा व पट्टा कुरतडतात, आणि अशा नुकसानीस हमी लागू पडत नाही. यंत्र घरी येताच तळाशी जाळी बसवून घ्यावी. नळीचे तोंड काम संपल्यावर वर अडकवून ठेवावे आणि दिवाळीच्या सुमारास प्लग काढून, मागचे झाकण उघडून, आत एकदा पाहून घ्यावे.