साधी मोटार आणि वाढीव ताकद

मेहरूण तलावाच्या रस्त्याने संध्याकाळी फिरायला जाणाऱ्यांना एक आवाज परिचित आहे. दिसायला चारचौघांसारखी, घरच्या माणसांना लग्नकार्याला नेणारी मोटार. पण सायलेन्सर बदललेला, म्हणून आवाज मात्र शर्यतीच्या गाडीचा. अशा फेरफारांनी मोटारीची ताकद खरोखर वाढते काय, आणि वाढली तर तिची किंमत कोण मोजते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ही हौस नवी नाही. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून जी फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, बाहेर पडू लागली, तिचे इंजिन अवघे 1089 घन सेंटिमीटरचे होते. तरीही मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर हीच कौटुंबिक गाडी फेरफार करून शर्यतीत उतरत असे. कुशल मिस्त्री हेड घासून इंजिनातील दाब वाढवीत, कार्ब्युरेटर बदलीत, झडपा अधिक वेळ उघड्या राहतील असा कॅमशाफ्ट बसवीत.

या सर्वांमागचे तत्त्व एकच आहे. इंजिनात जितकी हवा जाईल तितकेच पेट्रोल नीट जळते आणि तितकीच ताकद मिळते. येथे आपल्या खानदेशचा उन्हाळा आडवा येतो. हवा तापली की विरळ होते. 25 अंशांच्या हवेपेक्षा 45 अंशांची हवा सुमारे सहा टक्के विरळ असते. बोनेटखालची हवा 65 अंशांवर गेली, तर हा तोटा बारा टक्क्यांच्या घरात जातो. बाजारात मिळणारा उघडा एअर फिल्टर बसवला की इंजिन बहुधा हीच तापलेली हवा ओढते. आवाज वाढतो, ताकद मात्र घटण्याचा संभव असतो!

आजच्या टर्बो इंजिनांत संगणकाची आज्ञावली बदलून ताकद बरीच वाढवता येते, हे खरे. परंतु क्लच, गिअरबॉक्स आणि रेडिएटर मूळच्याच ताकदीला बेतलेले असतात. रानबोरीच्या खुंटावर डोळा भरणारा शेतकरी आधी खुंट पाहतो. आपण मात्र खुंट न पाहताच फळांचा हिशेब मांडतो.

याहून गंभीर प्रश्न ब्रेकचा आहे. वेग दीडपट झाला तर गाडीतील गतिज ऊर्जा दीडपट होत नाही, सव्वादोन पट होते. ताशी 60 किलोमीटरऐवजी 90 ने धावणारी गाडी थांबवायची, तर ती सारी ऊर्जा ब्रेकना उष्णतेच्या रूपाने पचवावी लागते. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना वाढीव ताकद सुखाची वाटेल. पण तोच घाट उतरताना सतत दाबलेले ब्रेक तापतात, त्यांची पकड सुटू लागते, आणि तेथे अश्वशक्ती कामाला येत नाही. मागच्या आसनावर आई आणि धाकटी भावंडे बसलेली असतात. त्यांना या प्रयोगाविषयी कोणी विचारलेले नसते.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरफार करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरले. मंजुरी असलेला गॅस-संच बसवून त्याची रीतसर नोंद करून घेता येते; पण न कळवलेल्या फेरफारामुळे अपघातानंतर विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो.

मग हौसेने काहीच करू नये काय? अवश्य करावे, पण क्रम बदलावा. आधी ठरवून दिलेल्या मापाचे चांगले टायर, नवी ब्रेक लायनिंग, स्वच्छ रेडिएटर आणि वेळेवर बदललेला फिल्टर. एवढ्याने कित्येक जुन्या गाड्यांना त्यांची हरवलेली मूळची ताकद परत मिळते. ज्यांना शर्यतच करायची आहे, त्यांनी ती शर्यतीच्या मैदानावर करावी.

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीने 2023 साली निरोप घेतला. वेगाचा एकही विक्रम नावावर नसताना लोकांनी तिला हळहळून निरोप दिला, कारण तिने पिढ्यान् पिढ्या माणसांना सुखरूप घरी पोहोचवले. घरच्या मोटारीची खरी ताकद मोजायची, तर याच मापाने मोजली पाहिजे.