क्रोन्स आजाराचे मोजमाप : रुग्णाच्या नोंदवहीचे महत्त्व

जुनाट पोटदुखी, वारंवार होणारे जुलाब आणि घटत जाणारे वजन ही क्रोन्स आजाराची प्रमुख लक्षणे होत. न्यूयॉर्क येथील डॉ. क्रोन, डॉ. गिन्झबर्ग व डॉ. ओपनहायमर यांनी १९३२ मध्ये या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. यात आतड्यांना सूज येऊन व्रण पडतात. आजार समूळ नाहीसा होत नसला, तरी योग्य उपचारांनी तो दीर्घकाळ शांत राहू शकतो. मात्र तो केव्हा शांत आहे आणि केव्हा बळावला आहे, हे अंदाजाने ठरवून चालत नाही; त्यासाठी मोजमाप हवे.

दोन पद्धती

१९७६ मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या निर्देशांकात आठ बाबींचा विचार होतो आणि त्यासाठी रुग्णाला सात दिवसांची नोंद ठेवावी लागते. गुण १५० पेक्षा कमी असल्यास आजार शांत आणि ४५० पेक्षा अधिक असल्यास अतितीव्र समजला जातो.

१९८० मध्ये हार्वे व ब्रॅडशॉ यांनी ही पद्धत सुलभ केली. तीत सर्वसाधारण प्रकृती, पोटदुखी, पातळ शौचाची संख्या, पोटातील गोळा व सांधेदुखीसारखे उपद्रव या पाचच बाबी आहेत व एका दिवसाची नोंद पुरते. समजा, प्रकृती किंचित खालावल्याबद्दल १, मध्यम पोटदुखीबद्दल २, चार वेळा पातळ शौच झाल्याबद्दल ४ व सांधेदुखीबद्दल १ गुण धरला, तर बेरीज ८ होते. पाचपेक्षा कमी गुण म्हणजे आजार शांत, ५ ते ७ सौम्य, ८ ते १६ मध्यम आणि त्याहून अधिक गुण म्हणजे तीव्र आजार होय.

मर्यादा

गुणांवरून रोगनिदान होत नाही. आतड्यांच्या क्षयरोगाची लक्षणे अशीच असतात. क्षयरोग असताना क्रोन्स समजून स्टेरॉइड दिल्यास तो बळावू शकतो. म्हणून आपल्याकडे आधी निश्चित निदान आवश्यक ठरते. शिवाय रुग्णास बरे वाटत असतानाही आत व्रण असू शकतात. त्यामुळे रक्ताची व शौचाची तपासणी आणि गरजेनुसार दुर्बिणीद्वारे आतड्यांची पाहणी करावी लागते.

गावपातळीवरील कार्य

जिंतूर तालुक्यातील रुग्णाला तज्ज्ञांच्या भेटीसाठी परभणी किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते, तेव्हा दोन भेटींमधील प्रकृतीचा खरा साक्षीदार म्हणजे त्याची वही. तारीख, शौचाची संख्या, वेदना, वजन व घेतलेली औषधे एवढी नोंद पुरेशी आहे. लिहिता न येणाऱ्या रुग्णास आशा कार्यकर्ती साहाय्य करू शकेल. शिक्षकांनी अशा विद्यार्थ्यास वर्गातून शौचालयात जाण्याची मुभा द्यावी व त्याच्या आजाराची वाच्यता टाळावी. धूम्रपानाने हा आजार बळावतो, हेही रुग्णास समजावून सांगावे.

पोट फुगून सतत उलट्या होणे, तीव्र ताप वा रक्तस्राव अशी लक्षणे दिसताच गुणांची बेरीज करीत न बसता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.