फिरती केंद्रे आणि निरोपांची साखळी

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि सुमारे दीडशे माणसे मृत्युमुखी पडली. ही आपत्ती प्रथम लक्षात आली ती त्या मार्गावरील एसटी बसच्या चालकाच्या. नेहमीच्या जागी गावच दिसेना, तेव्हा त्याने ती वार्ता बाहेर पोहोचविली. संदेशवहनाच्या परिभाषेत, एका फिरत्या केंद्राने तुटलेली साखळी जोडली.

संदेश देणारे-घेणारे प्रत्येक साधन हे जाळ्यातील एक केंद्र होय. विकेंद्रित पद्धतीत संपूर्ण जाळ्याचा नकाशा कोणा एकाजवळ नसतो. प्रत्येक केंद्र शेजाऱ्यांकडून मिळालेल्या माहितीवर निर्णय घेते. जुन्नर तालुक्यातील खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना आपली जागा सोडत नाहीत. त्यांच्यातील अंतरे एकदा मोजली की हिशेब टिकतो. माणसांच्या हातातील बिनतारी संचांचे तसे नाही.

केंद्रे फिरू लागली की तीन अडचणी उद्भवतात. पहिली, मार्ग शिळा होतो. ज्याच्यामार्फत निरोप धाडावयाचा, तो डोंगरापलीकडे गेलेला असतो. दुसरी, मोजणी चुकते. एकच केंद्र दोनदा मोजले जाते किंवा सुटून जाते. तिसरी, जाळे दुभंगले की दोन्ही भाग आपापला प्रमुख निवडतात आणि पुन्हा एकत्र येताच दोन आज्ञा निघू लागतात.

यावर उपाय आहेत. प्रत्येक केंद्र ठराविक वेळाने आपल्या अस्तित्वाचा संकेत देते. तो थांबला की शेजारी त्याचे नाव वगळतात. २००३ साली आराखडा प्रसिद्ध झालेल्या ‘एओडीव्ही’ पद्धतीत मार्ग गरज पडेल तेव्हाच शोधला जातो आणि माहितीला क्रमांक देऊन नवी-जुनी ओळखली जाते. मार्गच नसेल तर निरोप जवळ बाळगून भेट होताच द्यावयाचा. माळीणच्या बसचालकाने नेमके हेच केले.

ग्रामपंचायतींनी यातून बोध घ्यावा. आपत्तीच्या वेळी संपर्क साधावयाच्या व्यक्तींची यादी दर पावसाळ्यापूर्वी तपासून तिच्यावर तारीख घालावी. निवाऱ्यात केवळ आकडा न नोंदविता नावे लिहावीत, म्हणजे कोणी दोनदा मोजला जाणार नाही आणि हरवलेला ध्यानात येईल. सरपंच गावी नसल्यास आज्ञा कोणाची, हे आधीच ठरवावे. बसचालक, दूध गोळा करणारे व आशा कार्यकर्त्या यांनाही त्या यादीत स्थान द्यावे. जो फिरतो तो वेळेला सापडत नाही हे खरे. पण वाट तुटली असता निरोप घेऊन येणाराही तोच असतो.