‘अभद्र बोलू नकोस’ म्हणतात, मग विषय काढायचा कसा?

प्रश्न : वडील ७८ वर्षांचे, हृदय कमजोर. शेवटच्या उपचारांबद्दल बोलायला गेलं की आई गप्प करते. काय करू?

उत्तर : आईशी वाद नको. वडिलांनाच निवांत विचारा, “बाबा, तुम्हाला बोलता येईनासं झालं, तर डॉक्टरांशी तुमच्या वतीने कोणी बोलायचं?” पुष्कळदा म्हातारी माणसं मोकळेपणाने बोलतात, अवघडतो ते आपणच! व्हेंटिलेटर, नाकातली नळी याबद्दल ते म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३च्या आदेशानुसार अशा वैद्यकीय इच्छापत्राला दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत नाही. मालमत्तेशी याचा संबंध नाही, हे आईला आवर्जून सांगा. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे ठेवा.