फोड बरे झाल्यानंतरचा धोका

प्रश्न : जननेंद्रियावर आलेले हर्पीसचे फोड औषधाने पूर्ण बरे झाले आहेत. आता एचआयव्हीचा वाढीव धोकाही संपला, असे समजावे का? – एक वाचक

उत्तर : तसे समजणे बरोबर नाही, मात्र घाबरण्याचेही कारण नाही. हर्पीसचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत सुप्त राहतो आणि त्याला आवर घालण्यासाठी त्वचेत जमलेल्या सीडी-४ पेशी, म्हणजे एचआयव्ही ज्यांत शिरतो त्याच प्रतिकारपेशी, फोड भरून आल्यावरही कित्येक आठवडे तेथेच टिकतात, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. असायक्लोव्हिर रोज घेतल्याने फोड कमी येतात, परंतु मोठ्या चाचण्यांत त्यामुळे एचआयव्हीची लागण घटली नाही, आणि त्याचे कारण बहुधा या रेंगाळणाऱ्या पेशींतच आहे. म्हणून केवळ गोळीवर विसंबू नये. निरोधचा नियमित वापर आणि जोडीदारासह एचआयव्ही व सिफिलिसची तपासणी अधिक मोलाची असून, शासकीय रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रांत एचआयव्हीची तपासणी मोफत होते व गोपनीय ठेवली जाते. धोका वारंवार संभवत असल्यास आधीपासून घ्यावयाच्या प्रतिबंधक औषधांविषयी (प्रेप) डॉक्टरांना अवश्य विचारावे. असुरक्षित संबंध घडलाच, तर शक्य तितक्या लवकर रुग्णालय गाठावे, कारण लागण रोखणारी २८ दिवसांची औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात.