कोणता 'ग' खरा?

मुलांनो, आमची मुलगी दर मंगळवारी एका बाईंच्या घरी पियानो आणि गाणे शिकते. एकदा बाई म्हणाल्या, "तुझा तिसरा स्वर जरा उतरतो." घरी आजीने तंबोरा लावून तोच स्वर ऐकला. "गंधार अगदी जागेवर आहे!" मुलगी रडकुंडीला आली. "मग मी कुणाचं ऐकू?" आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

पियानोच्या एका पट्टीची कंपने सेकंदाला ४४० असतात. तिला सा मानू. वरचा सा दुप्पट, म्हणजे ८८०. मधल्या अंतराच्या पियानोवर १२ सारख्या पायऱ्या असतात. प्रत्येक पट्टी, काळी असो वा पांढरी, आधीच्या पट्टीच्या सुमारे १.०५९५ पट. चार पायऱ्या चढलो की ग येतो : सुमारे ५५४. तंबोऱ्यातून उमटणारा ग मात्र सा च्या बरोबर सव्वापट : ५५०.

म्हणजे दोघींचेही खरे! पियानोबरोबर गाताना पियानोचा ग, तंबोऱ्याबरोबर तंबोऱ्याचा. शाळेत एक भाषा आणि घरी दुसरी बोलतो, तसेच हे.

करून पाहा : पियानोचा प सुमारे ६५९.३. तंबोऱ्याचा प सा च्या दीडपट. फरक किती? 'ग' पेक्षा कमी की जास्त?