वॉलपेपरचा अंदाज : चौरस फुटांवर नको, पट्ट्यांवर काढा

रंगकाम, पीओपी आणि फर्निचर करणाऱ्या आपल्या अनेक कारागिरांकडे आता वॉलपेपरची कामेही येऊ लागली आहेत. काम स्वच्छ आहे, लवकर उरकते आणि हाताला सफाई असेल तर मजुरीही बरी मिळते. मात्र या धंद्यात नुकसान होते ते बहुधा लावताना नव्हे, तर माल घेताना. म्हणून आज आपण फक्त एकाच प्रश्नाचा विचार करू : खोलीला रोल किती लागतील?

आमच्या परिचयाच्या एका कारागिराचा अनुभव प्रथम सांगतो. त्याने ११ फूट रुंद व ९ फूट उंच अशा एका भिंतीचे काम उक्ते घेतले. भिंत ९९ चौरस फूट आणि एका रोलमध्ये सुमारे ५७ चौरस फूट कागद. म्हणजे दोन रोलमध्ये ११४ चौरस फूट, वर १५ फूट शिल्लक! असा हिशेब करून त्याने दोनच रोल आणले. सहा पट्टे लागले आणि भिंतीच्या कडेला १७ सेंटीमीटर जागा उघडी राहिली. तिसरा रोल आणला तर तो दुसऱ्या बॅचचा निघाला. रात्री दिव्याखाली फरक कळला नाही, पण सकाळच्या उजेडात शेवटची पट्टी वेगळी दिसू लागली. ग्राहकाने पैसे अडवले. अखेर त्याने सगळा कागद काढून एकाच बॅचचे तीन नवे रोल स्वतःच्या खर्चाने लावले. मजुरी तर गेलीच, पदरचेही गेले.

त्याचा गुणाकार बरोबर होता, पण पद्धत चुकली होती. रंग चौरस फुटांवर मोजतात, कारण तो कुठेही पसरतो. वॉलपेपर मात्र छतापासून जमिनीपर्यंत अखंड पट्ट्यांत लागतो. रोलच्या शेवटी उरलेला पाच फुटांचा तुकडा नऊ फुटांच्या भिंतीला उपयोगी पडत नाही. हिशेबात तो कागद असतो, भिंतीवर नसतो.

मापे कशी घ्यावीत?

बाजारात नेहमी मिळणारा रोल ५३ सेंटीमीटर रुंद व १०.०५ मीटर लांब असतो. कोरियन पद्धतीचा मोठा रोल साधारण १०६ सेंटीमीटर रुंद व १५.६ मीटर लांब असतो. म्हणून “एक रोल” म्हणजे किती, हे आधी लेबलवर वाचावे. लेबल मेट्रिकमध्ये असते, तेव्हा भिंतही सेंटीमीटरमध्येच मोजावी. फुटांत मोजली असेल तर फुटांना ३०.४८ ने गुणावे.

प्रत्येक भिंतीची रुंदी स्वतंत्र मोजावी. उंची तीन ठिकाणी मोजून त्यातली सर्वांत जास्त घ्यावी. जुन्या घरांत एकाच भिंतीच्या दोन टोकांत एक-दोन इंचांचा फरक सहज सापडतो. वर-खाली कापण्यासाठी उंचीत १० सेंटीमीटर मिळवावेत.

तीन पायऱ्यांचा हिशेब

समजा खोली १४ फूट लांब, ११ फूट रुंद व ९ फूट उंच आहे आणि कागद साधा, नक्षी जुळवावी न लागणारा आहे.

पहिली पायरी : चारही भिंतींची एकूण रुंदी ५० फूट, म्हणजे १,५२४ सेंटीमीटर. तिला ५३ ने भागले की २८.७५ येतात. अपूर्णांक नेहमी वर न्यावा. पट्टे लागतील २९.

दुसरी पायरी : उंची सुमारे २७५ अधिक १०, म्हणजे एक पट्टा २८५ सेंटीमीटरचा. रोलची लांबी १,००५ भागिले २८५ म्हणजे ३.५३. इथे अपूर्णांक खाली सोडावा. एका रोलमधून पट्टे निघतील ३.

तिसरी पायरी : २९ भागिले ३ म्हणजे ९.६७. पुन्हा वर न्यावे. रोल लागतील १०.

हीच खोली चौरस फुटांवर मोजली तर ४५० फूट येतात. त्यातून एक दार व एक खिडकी मिळून ३७ फूट वजा केले आणि ५७ ने भागले, तर उत्तर आठ रोल येते. म्हणजे दोन रोल कमी. मोठा कोरियन रोल घेतला तर याच पद्धतीने १५ पट्टे, एका रोलमधून ५ पट्टे आणि एकूण ३ रोल.

दार-खिडकी वजा करावी का? साधारण मापाची असेल तर करू नये. तीन फुटी दाराच्या रुंदीत फार तर एक पूर्ण पट्टा वाचतो, पुष्कळदा तोही वाचत नाही. दारावरचे व खिडकीखालचे तुकडे रोलच्या उरलेल्या भागांतून काढावेत. पूर्ण भिंतभर कपाट असेल तर मात्र तेवढी रुंदी सुरुवातीलाच वगळावी.

खरा फटका नक्षीचा

नक्षी किती अंतराने पुन्हा येते त्याला दुकानात “रिपीट” म्हणतात. ते अंतर लेबलवर छापलेले असते. ५३ किंवा ६४ सेंटीमीटर ही नेहमी आढळणारी मापे. शेजारच्या पट्ट्यांवरची फुले एका रेषेत यायची असतील तर प्रत्येक पट्टा रिपीटच्या पूर्ण पटीत कापावा लागतो.

आता तीच खोली साडेदहा फूट उंच आहे असे धरू. पट्टा ३३० सेंटीमीटरचा झाला. साध्या कागदाचे एका रोलमधून जेमतेम तीन पट्टे निघतात आणि दहा रोल पुरतात. पण ५३ च्या रिपीटचा कागद असेल तर? सहा पटी म्हणजे ३१८, त्या अपुऱ्या पडतात. सात पटी म्हणजे ३७१. आता एका रोलमधून दोनच पट्टे निघतात आणि २९ पट्ट्यांसाठी १५ रोल लागतात. खोली तीच, भिंती त्याच, फक्त नक्षी बदलली आणि माल दीडपट झाला. चौरस फुटांचा हिशेब इथे नऊ रोल सांगतो. समजा एक रोल १,५०० रुपयांचा आहे. सहा रोलची चूक म्हणजे ९,००० रुपये. उक्ते काम घेतलेल्या कारागिराची सारी कमाई एवढ्यात बुडू शकते.

लेबलवर “६४/३२” असे दोन आकडे असतील तर पुढचा पट्टा अर्ध्या रिपीटने सरकवून जुळवायचा असतो. समजा पट्टा ३१० सेंटीमीटरचा हवा आहे. एकाच रोलमधून ओळीने कापत गेलो तर प्रत्येक पट्ट्यामागे साडेपाच पटी, म्हणजे ३५२ सेंटीमीटर जातात आणि दोनच पट्टे निघतात. तेच पहिला, तिसरा, पाचवा पट्टा एका रोलमधून आणि दुसरा, चौथा, सहावा दुसऱ्या रोलमधून कापला, तर पाच पटींत, ३२० सेंटीमीटरमध्ये काम भागते व प्रत्येक रोलमधून तीन पट्टे मिळतात. कात्री लावण्यापूर्वी दोन्ही प्रकारे हिशेब करून पाहावा.

दुकानदार व कारागीर, दोघांसाठी

सर्व रोल एकाच बॅच नंबरचे घ्यावेत आणि प्रत्येक लेबल वाचूनच प्लास्टिक फोडावे. हिशेब काठावर येत असेल तर एक रोल जास्त घ्यावा व न फोडलेला रोल परत घेण्याची अट बिलावर लिहून घ्यावी. तीन पट्टे लावून झाले की थांबून उजेडात रंग व जोड पाहावेत. तीन पट्टे सुधारता येतात, पूर्ण खोली सुधारता येत नाही. काम संपल्यावर एक लेबल ग्राहकाच्या बिलाला जोडून द्यावे.

दुकानदार बंधूंनी “किती चौरस फूट?” एवढेच विचारून रोल काढून देऊ नयेत. भिंतीची रुंदी, उंची व निवडलेला रिपीट विचारून पट्ट्यांचा हिशेब ग्राहकासमोर कागदावर मांडावा. पंधरा रोल लागणार असतील तर तसे आधीच सांगावे. गिऱ्हाईक कदाचित साधा कागद निवडील आणि आजची विक्री थोडी कमी होईल. पण आपल्या भरवशावर ठेवलेला त्याचा पैसा ही अमानत आहे, आणि पुढच्या खोलीसाठी तो आपल्याकडेच येईल.

सरावासाठी एक उदाहरण : खोली १२ बाय १० फूट, उंची साडेनऊ फूट, सरळ जुळणारा ६४ चा रिपीट. स्वतः हिशेब करून मगच पुढची ओळ वाचावी.

उत्तर : २६ पट्टे, प्रत्येक पट्टा ३२० सेंटीमीटर, एका रोलमधून ३ पट्टे, एकूण ९ रोल.